अक्षरं हातात आहेत, शब्द कुठे आहे?

"ही अक्षरं असलेले इंग्रजी शब्द सांगा" असं कुणी म्हटलं की बहुतेक जण लगेच अक्षरांची जुळवाजुळव करायला लागतात. त्याआधी एक उलट प्रश्न विचारायला हवा: "असलेले" म्हणजे नेमके कसे? कारण या एका शब्दात किमान पाच वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं.

ए, सी आणि टी ही तीन अक्षरं घेऊ. फक्त हीच, तिन्ही आणि एकेकदाच वापरायची असतील तर कॅट आणि ॲक्ट मिळतात. एखादं वगळलं तरी चालणार असेल तर ॲटसुद्धा चालतो. ही तिन्ही हवीतच, सोबत आणखी कितीही असोत, असं म्हटलं की चॅट, कोट, टीचर, प्रॅक्टिस अशी मोठी रांग लागते. ती याच क्रमाने एकमेकांना चिकटून हवी असतील तर ॲक्टर, फॅक्टरी, कॉन्टॅक्ट. क्रम हाच पण मध्ये दुसरी अक्षरं घुसलेली चालत असतील तर एन्शंटही यादीत येतो: ए-एन-सी-आय-ई-एन-टी. आणि तीच अक्षरं पुन्हा पुन्हा वापरायची मुभा असेल तर टॅक्ट, कारण त्यात टी दोनदा आहे.

शब्द शोधणाऱ्या साधनांवर लोक वैतागतात त्याचं मुख्य कारण हेच. विचारायचं असतं एक, खूण केलेली असते दुसऱ्याच रकान्यावर.

इथे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले आहेत, तेव्हा वाचताना मनात स्पेलिंग आणा. हा सगळा मामला स्पेलिंगचा आहे, उच्चाराशी त्याला देणंघेणं नाही. सायकॉलॉजीत पी आहे आणि तो सगळ्यात पुढे आहे, मग ऐकू येवो वा न येवो.

आता मुख्य गोष्ट. हाताशी सात वेगवेगळी अक्षरं आहेत आणि ती सगळी वापरून शब्द करायचा आहे. सरळ विचार असा की, अक्षरं सगळ्या प्रकारे मांडून पाहावीत आणि प्रत्येक मांडणी शब्दकोशात आहे का ते तपासावं. सात अक्षरांच्या मांडण्या होतात ५,०४०. संगणकाला हे काहीच नाही. पण अक्षरं दहा झाली की मांडण्या ३६,२८,८०० होतात आणि पंधरा झाली की एक लाख तीस हजार कोटींच्या वर जातात. यातल्या जवळजवळ सगळ्या मांडण्या निव्वळ कचरा असतात, ज्यांचा उच्चारही करता येणार नाही अशा.

याउलट शब्द किती आहेत? स्क्रॅबल म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द बनवण्याचा खेळ; जगात बहुतेक ठिकाणी त्याच्या इंग्रजी स्पर्धांत वापरली जाणारी कॉलिन्सची यादी घेतली तर तिच्यात सुमारे २ लाख ८० हजार शब्द आहेत. मग अक्षरांकडून शब्दांकडे जाण्याऐवजी शब्दांकडून अक्षरांकडे यायचं. यादीतला एकेक शब्द उचलायचा आणि त्यालाच विचारायचं, "तू या अक्षरांत बसतोस का?" अक्षरं सात असोत की पंधरा, प्रश्न तेवढेच विचारावे लागतात. पुढच्या सगळ्या युक्त्या या एका कलाटणीतून निघतात. फरक फक्त एवढाच की, "बसतोस का" हे किती झटपट ठरवता येतं.

सगळी अक्षरं नेमकी एकेकदा वापरायची असतील तर त्यावरची युक्ती मला फार आवडते, कारण ती तीन वाक्यांत संपते. शब्दातली अक्षरं वर्णानुक्रमे लावा. स्टॉपची अक्षरं अशी लावली की ओ-पी-एस-टी मिळतं. पोस्ट, स्पॉट, पॉट्स, टॉप्स आणि ऑप्ट्स यांची अक्षरं लावूनही तेच मिळतं.

म्हणजे ओ-पी-एस-टी ही त्या सहाही शब्दांची सामाईक किल्ली झाली. यादीतल्या प्रत्येक शब्दाची अशी किल्ली एकदाच काढून ठेवायची आणि एका किल्लीचे सगळे शब्द एका कप्प्यात टाकायचे. नंतर कुणी कुठल्याही क्रमाने अक्षरं दिली तरी ती वर्णानुक्रमे लावायची आणि तो कप्पा उघडायचा. शोधायचं असं काही उरतच नाही. ई-आय-एल-एन-एस-टी हा कप्पा उघडा, आत लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल आणि इनलेट्स एकत्र बसलेले दिसतील. स्क्रॅबलचे मुरलेले खेळाडू या किल्ल्या चक्क पाठ करतात. समोर अक्षरं आली की ते ती आधी वर्णानुक्रमे मांडतात आणि पाठ केलेली किल्ली ओळखतात.

पण ही किल्ली एका बाबतीत हट्टी आहे. एक अक्षर जास्त झालं वा कमी पडलं की ती लागत नाही. "या सात अक्षरांतून लहान-मोठे सगळे शब्द काढा" असा प्रश्न असेल तर सातातून काही अक्षरं निवडण्याचे १२७ प्रकार होतात. त्या प्रत्येकाची किल्ली लावून पाहता येते आणि सातासाठी ते चालूनही जातं. अक्षरं वाढली की ही संख्या दर अक्षरामागे दुप्पट होते. अशा वेळी सरळ मोजणी बरी.

मोजणी कशी चालते ते जवळून पाहू. अक्षरं आहेत ए, ई, आय, एन, आर, एस, टी, प्रत्येकी एक. यादीतून "रेझिस्ट" हा शब्द आला. त्यातला आर आपल्याकडे आहे, तो खर्च झाला. ई आहे, खर्च. एस आहे, खर्च. आय आहे, खर्च. पुन्हा एस हवा, पण तो आधीच संपलाय. शब्द बाद. पुढचा "स्ट्रेन", म्हणजे एस-टी-आर-ए-आय-एन. सहाही अक्षरं निघाली, ई शिल्लक राहिला, शब्द मान्य. "रिटेन्स" मध्ये तर सातही कामी येतात. नुसतं "हे अक्षर आहे का" असं विचारून भागत नाही, "किती आहेत" हे विचारावं लागतं. घरी स्वतः प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा पाय पहिल्यांदा इथेच घसरतो: त्यांचा प्रोग्रॅम "रेझिस्ट" बिनदिक्कत मान्य करतो, कारण त्यातलं प्रत्येक अक्षर हाताशी "आहे".

मोजणीचा एक फायदा फुकटात मिळतो. स्क्रॅबलमध्ये दोन कोऱ्या सोंगट्या असतात, ज्या कुठल्याही अक्षराच्या जागी चालतात. किल्लीच्या पद्धतीत अशा सोंगटीसाठी सव्वीसही अक्षरं घालून पाहावी लागतात. मोजणीत फक्त तूट मोजायची. "रेझिस्ट"ला एक एस कमी पडला, म्हणजे तूट एक. हाताशी एक कोरी सोंगटी असेल तर तूट भरून निघाली, शब्द मान्य. शिवाय "ही अक्षरं हवीतच, बाकी काहीही चालेल" हा प्रश्नही याच मोजणीने सुटतो. फक्त तराजू उलटा धरायचा: शब्दाकडे आपण मागितलेलं सगळं आहे का ते पाहायचं. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर मागा, एज्युकेशन येईल, इक्वेशन येईल, डायलॉग येईल (यूई असलेल्या ब्रिटिश स्पेलिंगचा), कॉलिफ्लॉवरही येईल. हेच पाच स्वर याच क्रमाने आणि एकेकदाच मागितले की यादी एकदम आटते. फसीशस आणि ॲब्स्टेमियस हे त्यातले दोन प्रसिद्ध शब्द.

चिकटून येणाऱ्या अक्षरांचा प्रश्न सगळ्यात सोपा. मजकूर लिहायच्या कुठल्याही प्रोग्रॅममधला शोध तेच करतो. डब्ल्यू-के-डब्ल्यू अशी विचित्र जोडणी मागितली तर ऑक्वर्ड समोर येतो. मजा तेवढीच, फार काही समजावण्यासारखं त्यात नाही.

शब्दकोड्यात प्रश्नाचं रूप बदलतं, कारण तिथे अक्षराची जागा माहीत असते. पाच घरं आहेत, दुसऱ्यात एल आणि शेवटच्यात के. संगणकाला हे सांगायला नमुन्याची भाषा आहे. तिच्यात टिंब म्हणजे "इथे कुठलंही एक अक्षर चालेल". म्हणजे आपला नमुना झाला: टिंब, एल, टिंब, टिंब, के. नुसता एवढा नमुना दिला तर तो लांब शब्दांच्या पोटातही जुळतो, म्हणून शब्द इथे सुरू होतो आणि इथे संपतो हे सांगणाऱ्या दोन खुणाही लावाव्या लागतात. असे नमुने शोधणारी ग्रेप ही आज्ञा केन थॉम्पसन यांनी युनिक्स या संगणक-प्रणालीसाठी लिहिली, १९७३च्या सुमारास. ती आजही तशीच कामाला येते. नमुन्याच्या एका ओळीत अख्खी यादी चाळून होते.

या नमुन्याला शब्द किती जुळतात ते पाहा: ब्लॅक, ब्लॉक, क्लॉक, क्लिक, फ्लॉक, स्लॅक, प्लक, ब्लँक, ब्लिंक, प्लँक, फ्लास्क, क्लर्क, क्लोक, ब्लीक आणि आणखीही. पाचपैकी दोन घरं भरलेली असूनही आपण जवळजवळ होतो तिथेच आहोत. आता फक्त "सी नाही" एवढी माहिती वाढवा. यादीतले बहुतेक शब्द गळतात आणि ब्लँक, ब्लिंक, प्लँक, फ्लास्क, ब्लीक असे मोजके उरतात. नसलेलं अक्षर अनेकदा असलेल्या अक्षराइतकंच बोलकं असतं. जॉश वॉर्डल यांनी बनवलेला आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतलेला वर्डल हा शब्द ओळखण्याचा खेळ या तीन गोष्टींवर उभा आहे: हे अक्षर इथेच आहे, हे अक्षर आहे पण इथे नाही, हे अक्षर नाहीच.

तसंच, सगळी अक्षरं सारख्या वजनाची नसतात. स्क्रॅबलचे जनक आल्फ्रेड बट्स यांनी १९३०च्या दशकात वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून सोंगट्या ठरवल्या. म्हणून शंभर सोंगट्यांत ईच्या बारा आहेत आणि त्यांना गुण एकच, तर क्यू आणि झेड यांची प्रत्येकी एकच सोंगटी आणि गुण दहा. शब्द शोधणाऱ्यानेही हेच लक्षात ठेवावं. दिलेल्या अक्षरांत एक्स, जे, क्यू वा झेड असेल तर शोध तिथून सुरू करायचा. "ई असलेले शब्द" म्हटलं की अर्ध्याहून अधिक शब्दकोश शिल्लक राहतो. "जे असलेले" म्हटलं की मूठभर.

हे किती कामाचं आहे ते दाखवणारा एक छान किस्सा आहे. पाच अक्षरांचे पाच शब्द असे शोधायचे की पाचांत मिळून एकही अक्षर दुसऱ्यांदा येऊ नये, म्हणजे सव्वीसपैकी पंचवीस अक्षरं वापरून व्हायला हवीत. गणितावर सोप्या भाषेत बोलणारे मॅट पार्कर यांनी यासाठी प्रोग्रॅम लिहिला आणि त्यांच्या संगणकाला उत्तर काढायला जवळपास एक महिना लागला. मिळालेला एक संच असा: फ्योर्ड, गक्स, निम्फ, व्हायबेक्स, वॉल्ट्झ. यात फक्त क्यू सुटतो. २०२२ मध्ये हे त्यांनी जगापुढे मांडल्यावर इतर प्रोग्रॅमर त्यावर तुटून पडले. महिन्याचं काम मिनिटांवर आलं, मग सेकंदावर, मग सेकंदाच्याही लहानशा भागावर. संगणक तसलेच होते, विचारण्याची रीत बदलली.

बदललं ते तीन ठिकाणी. पहिलं, एकाच किल्लीचे शब्द एकदाच धरायचे, कारण त्यांची अक्षरं सारखीच. दुसरं, दुर्मीळ अक्षरापासून सुरुवात. सव्वीसपैकी एकच अक्षर सुटणार आहे, तेव्हा क्यू आणि जे यांपैकी एक तरी वापरावंच लागणार. आणि ते असलेले, अक्षर न दुहेरावणारे पाच अक्षरी शब्द थोडेच आहेत. आधी त्यातला एक धरा, मग उरलेल्यांतलं सगळ्यात दुर्मीळ अक्षर घ्या, असं करत गेलं की बहुतेक वाटा पहिल्या-दुसऱ्या पावलावरच बंद होतात.

तिसरी गोष्ट अस्सल संगणकी आहे. प्रत्येक शब्दासाठी सव्वीस बटणांची एक पट्टी समजा. शब्दात ए असेल तर पहिलं बटण चालू, बी असेल तर दुसरं, असं झेडपर्यंत. सव्वीस बटणं म्हणजे सव्वीस बिट, आणि ते एका साध्या ३२ बिटांच्या संख्येत मावतात. दोन शब्दांत सामाईक अक्षर आहे का, हे पाहायला आता अक्षरामागून अक्षर ताडायला नको. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवायच्या आणि दोन्हीकडे चालू असलेलं एखादं बटण आहे का ते पाहायचं. प्रोसेसर हे एका फटक्यात करतो. "ही अक्षरं हवीतच" आणि "यांच्याबाहेरचं अक्षर नको" हेही याच फटक्यात कळतं. न्यूयॉर्क टाइम्सच्याच स्पेलिंग बी या खेळासाठी तर ही पट्टी जणू मापाने शिवलेली आहे, कारण तिथे सात अक्षरं असतात, ती कितीदाही वापरता येतात आणि मधलं अक्षर मात्र हवंच.

पट्टीला मोजता येत नाही, ही तिची उणीव. टी-ओ आणि टी-ओ-ओ या दोन स्पेलिंगांची पट्टी एकच. म्हणून अक्षरांची संख्या महत्त्वाची असेल तेव्हा आधी पट्टीने चाळून घ्यायचं आणि उरलेल्या थोड्या शब्दांची मोजणी करायची.

अविभाज्य संख्यांची एक युक्ती लोक फार कौतुकाने सांगतात. एला २, बीला ३, सीला ५ असं करत झेडला १०१ ही सव्वीसावी अविभाज्य संख्या द्यायची आणि शब्दातल्या अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार करायचा. कॅट म्हणजे ५ × २ × ७१ = ७१०, ॲक्टही ७१०. कोटचा गुणाकार ३३,३७०, त्याला ७१० ने निःशेष भाग जातो आणि भागाकार येतो ४७, म्हणजे ओ. कुठलीही संख्या अविभाज्यांच्या गुणाकारात एकाच प्रकारे फोडता येते, म्हणून यात घोटाळा होत नाही आणि दोनदा आलेलं अक्षरही बरोबर मोजलं जातं. दिसायला सुंदर आहे. पण गुणाकार भराभर फुगतो. अनकॉपीराइटेबल या पंधरा अक्षरी शब्दाचा (त्यात एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही) गुणाकार ६४ बिटांच्या संख्येत मावत नाही. मी तरी ही युक्ती गणिताच्या तासाला दाखवीन, शब्द शोधायला मोजणीच वापरीन.

यादी फार मोठी असेल आणि उत्तर क्षणात हवं असेल तर आणखी एक मार्ग आहे, शब्दांचं झाड. एडवर्ड फ्रेडकिन यांनी १९६० मध्ये या रचनेला ट्राय हे नाव दिलं. सारखी सुरुवात असलेले शब्द एकाच फांदीवर राहतात: सी, मग ए, मग आर, इथे कार संपतो, पुढे डी घेतला की कार्ड, ई घेतला की केअर. हातातली अक्षरं घेऊन या झाडावर चढत जायचं. एन नंतर आर घ्यायला गेलो तर तिथे फांदीच नाही, कारण एन-आरने सुरू होणारा शब्द नाही. सात अक्षरांत एन-आरने सुरू होणाऱ्या १२० मांडण्या असतात, त्या सगळ्या एका क्षणात बाद झाल्या. ॲपेल आणि जेकबसन यांनी १९८८ मध्ये स्क्रॅबल खेळणारा प्रोग्रॅम बनवला तेव्हा फांद्यांची सारखी टोकंही एकत्र जोडून हे झाड आणखी आटोपशीर केलं.

संगणक नसेल तर? माणसाच्या डोक्याला २ लाख ८० हजार शब्द चाळता येत नाहीत. पण शब्द कसे बनतात ते त्याला ठाऊक असतं, आणि तेच वापरायचं. समोर ए, डी, ई, जी, आय, एन, आर आहेत असं समजा. इंग्रजी शब्दांच्या शेपट्या ठरलेल्या असतात, म्हणून आधी शेपूट तोडून बाजूला ठेवायची. आय-एन-जी काढलं तर उरतं ए, डी, ई, आर, म्हणजे रीड, आणि शब्द झाला रीडिंग. आता ती शेपूट परत ठेवा आणि ई-डी काढा. उरतं ए, जी, आय, एन, आर, म्हणजे ग्रेन, आणि शब्द झाला ग्रेन्ड. अक्षरं तीच, शेपूट बदलली आणि दुसरा शब्द हाती आला. अक्षरं एका ओळीत न लिहिता गोलात लिहिली तरी फरक पडतो, कारण ओळीत लिहिलं की डोळा डावीकडून उजवीकडेच वाचतो आणि मूळ क्रमाला चिकटून बसतो. एच दिसला की तो सी, एस, टी वा पी यांच्या शेजारी ठेवून पाहावा. क्यू दिसला तर आधी यू कुठे आहे ते पाहावं.

आणि यू नसेलच तर? मग प्रश्न यादीचा येतो. कॉलिन्सच्या यादीत क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द चालतो, क्यू-ए-टीही चालतो. रोजच्या इंग्रजीत हे कुणी वापरत नसलं तरी डावात त्यांच्यावर हरकत घेता येत नाही. शब्दकोशात रन ही मूळ नोंद असते, रनिंग वेगळी नोंद म्हणून नसण्याची शक्यता असते. खेळाच्या याद्यांत मात्र अनेकवचनं आणि क्रियापदांची सगळी रूपं सुटी लिहिलेली असतात. युनिक्ससोबत येणाऱ्या शब्दयादीत माणसांची आणि गावांचीही नावं सापडतात, ती गाळली नाहीत तर उत्तरांत नको ते पाहुणे येतात. एक्स-वाय-झेड अशी सलग अक्षरं असलेला शब्द हवा असेल तर हायड्रॉक्सिझिन आहे. पण ते औषधाचं नाव, तेव्हा रोजच्या शब्दांच्या लहान यादीत ते सापडेलच असं नाही. आणि शब्दकोड्यासाठी शोधत असाल तर सगळ्यात मोठी यादी घेऊ नका. वापरात असलेल्या शब्दांची लहान यादी घ्या आणि निकाल वर्णानुक्रमे न लावता जास्त वापरल्या जाणाऱ्या शब्दापासून लावा. कोडं रचणाराही बहुतेक वेळा तिथूनच शब्द उचलतो.